गोड्या पाण्याची बादली

जाळ्यांच्या शेडमध्ये तिला सगळे वाघीण म्हणत. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं देवीचं नाव होतं तिला, पण ते आता कागदोपत्रीच उरलं होतं. नवरासुद्धा वैतागला की ‘वाघीणबाई’ म्हणायचा. ज्यांना ती माहीत नव्हती त्यांना वाटे, बाई भांडकुदळ असणार. प्रत्यक्षात ती खाली मान घालून जाळी सांधायची आणि तोंडातून चार शब्द निघायचे ते पण दोरा मागायला. नाव पडलं होतं ते पट्ट्यांमुळे. उजव्या कानाखालून निघून, मानेवरून उतरत, गळ्याच्या हाडापर्यंत तपकिरी वळ. कुणीतरी ओल्या चाबकानं फोडून काढावं तसे. पदर कितीही ओढला तरी एखादा डोकावायचाच.

तिचं माहेर समुद्रापासून लांब. वडील शिंपी. समुद्र तिनं कॅलेंडरवर पाहिलेला. लग्न होऊन आली ती थेट किनाऱ्याला लागून असलेल्या घरात, धाकटी सून म्हणून. थोरली जाऊ मात्र नाखव्याची मुलगी. पाळण्यात निजायच्या आधी होडीत निजलेली. लाटेकडे नुसतं बघून ती सांगायची की आज बोटी लवकर फिरणार. धाकटीला सुरुवातीला ही जाऊ म्हणजे मोठा आधार वाटला होता. तिच्या पदराला धरूनच ती पहिल्यांदा पाण्यात उतरली.

आणि त्याच दिवसांत ते झालं.

ओहोटीचं पाणी होतं, गुडघ्याएवढं. त्यात काचेची वाटी पालथी घालावी तसं काहीतरी निळसर, आरपार दिसणारं, हलकेच मिटत-उघडत चाललं होतं. एवढं देखणं तिनं तोवर काही पाहिलं नव्हतं. ती वाकली. तेवढ्यात लाट आली, आणि त्या वाटीखालचे लांबच लांब दोरे तिच्या मानेवर पडले.

तिला आधी वाटलं, कुणी उकळतं तेल ओतलं. ओरडतच ती वाळूत कोसळली. थोरली धावत आली. होडीतली पिण्याच्या पाण्याची बादली उचलून तिनं भडाभडा मानेवर ओतली, आणि मूठभर वाळू घेऊन घासायला लागली. पाणी पडेल तशी आग वाढत होती, वाळू फिरेल तशी आत शिरत होती.

“नको, जाऊबाई, नको! सोडा!”

“गप्प पड! विष उतरतंय!” थोरलीनं तिच्या छातीवर गुडघाच ठेवला. “अजून आणा रे गोडं पाणी!”

दवाखान्यात एक वयस्कर डॉक्टरीण होत्या. त्यांनी मान बघितली आणि कपाळाला हात लावला. “घासलं कुणी हे? गोडं पाणी कुणी ओतलं? अगं बाई, त्या दोऱ्यांत विषाच्या बारीक बारीक कुप्या असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. सगळ्या काही लगेच फुटत नाहीत. गोडं पाणी लागलं, चोळलं, की उरलेल्याही फुटतात. हात न लावता व्हिनेगर ओतायचं असतं. अर्ध्यावर भागलं असतं तुझं.”

अर्ध्यावर भागलं असतं. आजारपणात धाकटी ते वाक्य चघळत पडून राहिली. तिच्यासारख्या शिंप्याच्या पोरीला ठाऊक नसणं समजू शकतं. पण थोरलीला? समुद्राच्या पोटी जन्मलेलीला? तिला ठाऊक नव्हतं, यावर कोण विश्वास ठेवील? दाराच्या फटीतून तिला थोरली दिसायची, बाकावर पाय हलवत बसलेली. मुद्दाम कशाला थांबते आहे ही, मजा बघायला?

डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिनं घरी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, थोरली दोन अश्रू गाळून मोकळी झाली असती, आणि सासूबाई म्हणाल्या असत्या, “जाऊ दे, एका घरात राहायचंय.” तिला ते एवढ्या स्वस्तात द्यायचं नव्हतं.

पट्टी सुटली त्या दिवशी सगळं घर जमलं होतं. थोरलीनं तिची हनुवटी धरून मान इकडे तिकडे फिरवून पाहिली आणि म्हणाली, “अगं बाई, ही तर वाघीणच झाली की!”

सासूबाई हसल्या. दीर हसले. नवरा आधी कावराबावरा झाला आणि मग तोही हसला. डंखाची आग महिन्याभरानं शमली. त्या हसण्याची शमली नाही.

वर्षं गेली. दोघीही जाळ्यांच्या शेडमध्ये कामाला लागल्या. एका चुलीवर जेवल्या, एकीनं दुसरीची मुलं न्हाऊ-माखू घातली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, जावा असाव्यात तर अशा. धाकटी रोज सकाळी देवापुढे हात जोडायची. देवाकडे सूड मागायचा नसतो एवढं तिला कळत होतं, म्हणून ती न्याय मागायची. दोन्हींतला फरक देव बघून घेईल, असं तिनं धरून चाललं होतं.

शेडमधलं काम असं असे. बोटींवरून आलेली फाटकी जाळी आधी उन्हात दोरीवर वाळत घालायची, मग झटकायची, मग सांधायला घ्यायची. जाळ्यात अडकलेले जेलीफिशचे दोरे तोवर वाळून कडकडीत झालेले असत. झटकलं की त्यांची पिवळट धूळ उडायची आणि सगळ्या बायका शिंकायला लागायच्या. म्हणून झटकताना वाऱ्याकडे पाठ करायची, नाकाला फडकं बांधायचं, असा शिरस्ता होता. थोरली फडकं बांधत नसे.

“मला समुद्र ओळखतो,” ती कमरेवर हात ठेवून सांगायची. “अख्खा जन्म पाण्यात गेला, पण एकदा डसली असेल तर शपथ. ती माणूस बघून डसते.”

“म्हणजे आमची वाघीण वाईट का हो?” कुणीतरी मुद्दाम विचारायचं.

“वाईट नाही गं, पण नवखी होती ना! वास येतो तिला नवख्याचा.”

बायका फिदीफिदी हसत. धाकटी सुई जाळ्यात घालायची आणि गाठ जरा जास्तच घट्ट ओढायची.

एकदा झाडताना त्या धुळीचा फराटा तिच्या घामेजल्या मनगटाला लागला. लागला मात्र, मनगट पेटलं. तीच जुनी आग, धाकट्या रूपात. ती जागच्या जागी उभी राहिली. म्हणजे मेल्यावरही हिचा डंख मरत नव्हता. वाळून पडते आणि ओलाव्याची वाट बघते. कितीही वर्षं थांबावं लागो, तिला घाई नसते.

धाकटीला त्या क्षणी त्या जनावराबद्दल कधी नव्हे ती आपुलकी वाटली.

त्या दिवसापासून ती हातमोजे घालून जाळ्यांतले वाळके दोरे वेचायला लागली. टाल्कम पावडरच्या रिकाम्या डब्यात ते जमा होत गेले. बाजारातून व्हिनेगरची बाटली आणून तिनं कामाच्या पिशवीच्या तळाला ठेवली, स्वतःच्या हातांसाठी. काय करायचंय ते अजून ठरलं नव्हतं. पण डबा भरलेला असला की माणसाला बरं वाटतं.

मग शेडचे म्हातारे मुकादम थकले आणि मालकानं थोरलीला मुकादमीण करायचं ठरवलं. शेडमध्येच छोटा समारंभ होणार होता. खुर्च्या, हार, माईक. मालक स्वतः येणार. घरी आल्यावर थोरलीनं जांभळ्या कापडाचा तुकडा धाकटीच्या मांडीवर टाकला.

“ब्लाउज तूच शिव हं. बंद गळ्याचा, वरपर्यंत. साहेबिणी घालतात तसा. बाहेरच्या शिंप्यांना माझा गळा काही जमत नाही.”

धाकटीनं टेप घेतली. थोरलीनं मान वर केली. भरदार, गोरटेली, गुळगुळीत मान. एक रेघ नाही. धाकटीनं माप दोनदा घेतलं.

“आवळू नकोस गं!”

“नाही हो जाऊबाई. अगदी अंगाबरोबर बसेल, बघाच तुम्ही.”

सुट्टीच्या दुपारी घर निजलेलं असताना तिनं मशीन काढलं. ब्लाउज बेतून झाला होता, फक्त गळपट्टी लावायची होती. तिनं मोजे चढवले, नाकाला फडकं बांधलं. डब्यातले दोरे पाटावर घेऊन वाटीच्या बुडानं रगडले. आधी दंडावर थुंकीचं बोट फिरवून चिमूटभर लावून पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिची खात्री पटली. वर व्हिनेगर ओतून ती पुन्हा कामाला लागली. गळपट्टीच्या आतल्या बाजूला पातळ मलमलीचं अस्तर लावलं आणि मधोमध ती धूळ, शिंप्याच्या लेकीच्या हातानं, सारखी पसरून भरली. उजवीकडे जरा जास्त. कानाखाली, जिथून तिचे स्वतःचे पट्टे सुरू होत होते तिथे.

फडकं असूनही शिंक आलीच. मग दुसरी आली.

“सर्दी झाली का गं?” आतून थोरलीचा आवाज आला. पाठोपाठ ती स्वतःच आली, हातात वाफाळत्या पाण्याचा पेला. “घे, गरम पी. आणि नाकाला फडकं बांधून शिवणं कुठली तऱ्हा? माझ्या ब्लाउजला शेंबूड लागेल म्हणून का?”

“तसंच समजा.”

“बघू, कसा झालाय?” तिनं हात पुढे केला.

“पुरा झाल्याशिवाय नाही दाखवायची!” धाकटीनं ब्लाउज पोटाशी धरला. थोरली खुशीत हसत गेली. धाकटीनं पेल्यातलं पाणी खिडकीबाहेर ओतलं. तिला त्या बाईच्या हातचं पाणी नको होतं. आता कुठलंच.

समारंभाच्या दिवशी पत्र्याची शेड तव्यासारखी तापली होती. जाळी एका कडेला रचून मधे खुर्च्या मांडल्या होत्या. धाकटीनं पहिल्या रांगेतली जागा धरली, मांडीवर कामाची पिशवी. थोरली जांभळा ब्लाउज घालून मालकाशेजारी बसली होती, नव्या नवरीसारखी. मालकांचं भाषण लांबत गेलं. पंखा एकच, आणि तो मालकांकडे वळवलेला. थोरलीच्या कपाळावर घाम जमला, कानशिलावरून ओघळला, आणि कॉलरच्या आत गेला. धाकटी बघत होती. तिनं मनात देवाचं नाव घेतलं आणि लगेच थांबवलं. या कामात त्याला कशाला ओढा?

थोरली बोलायला उभी राहिली. “मला काही भाषणबिषण येत नाही,” ती माईकमध्ये म्हणाली. “पण आजचा हा ब्लाउज बघून घ्या सगळ्यांनी. आमच्या वाघिणीनं शिवलाय! पंजानं!”

शेड हसली. मालकही हसले. धाकटीचं मन जरा चुळबुळत होतं म्हणा, तर त्या हसण्यानं ते पुन्हा घट्ट बसलं.

थोरलीनं हसतच मानेला हात लावला. मग पुन्हा लावला. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मोठे झाले. दुसऱ्या क्षणी तिनं माईक टाकला आणि दोन्ही हातांनी कॉलर धरून किंचाळली.

“मुंग्या असतील!” कुणी म्हणालं. “मुंग्या नव्हेत, अंगावर पित्त उठलंय.” मान, गाल, हनुवटीखाली लालभडक गांधी उठत होत्या. शेडमधली सगळ्यांत जुनी बाई पुढे झाली, बघून म्हणाली, “हे तर जाळ्यातलं दिसतंय बाई! धूळ उडाली असेल. जेलीफिशचंच आहे हे!”

“जेलीफिश?” थोरली विव्हळतच ओरडली. “मग बघत काय राहिलात? गोडं पाणी आणा! बादली आणा! वाळू आणा कुणीतरी!”

कुणीतरी पिण्याच्या पाण्याची बादली आणली. थोरलीनं ती हिसकावून घेतली आणि स्वतःच्याच मानेवर भडाभडा ओतली. मूठभर वाळू घेऊन ती घासायला लागली. पाणी कॉलरमध्ये भरलं, अस्तर भिजलं, आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो धाकटीनं आधी ऐकला होता. स्वतःच्या घशातून.

“विष उतरतंय,” थोरली दात आवळून म्हणत होती, “उतरतंय, अजून ओता! घासा गं कुणीतरी!”

धाकटी उभी राहिली होती. कधी राहिली तिला कळलं नाही. या घटकेसाठी ती एवढी वर्षं थांबली होती, आणि घटका समोर होती, अगदी हवी तशी, उजव्या कानाखाली. पण तिला दिसत होती ती फक्त बादली. स्वतःच्या अंगावर कुणी मुद्दाम असं ओतत नाही. स्वतःच्या मानेवर कुणी दुष्टाव्यानं वाळू घासत नाही. या बाईला ठाऊक नव्हतं. समुद्राच्या पोटी जन्मलेल्या या अडाणी, तोंडाळ बाईला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही नव्हतं. सांगू शकणारी एकच होती, आणि तिनं ते दाबून ठेवलं होतं.

दुसरी बादली येत होती. गप्प बसलं तर तिच्यावर काहीच येणार नव्हतं. सगळे धुळीला दोष देऊन मोकळे झाले होते. गप्प बसणं तिला चांगलं येत होतं.

“ओतू नका!” ती ओरडली. शेडमध्ये तिचा इतका मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिनं बादलीला लाथ मारली, थोरलीचा दंड धरला आणि तिला ओढत रचलेल्या जाळ्यांच्या मागे नेलं. “कुणी येऊ नका, कपडे काढायचेत!”

“सोड मला! पाणी दे! सूड उगवतेस का मेले?”

“आधी ब्लाउज काढा! गळपट्टीत आहे ते!”

हूक तटातट तुटले. धाकटीनं पिशवीच्या तळातून बाटली काढली आणि हात न लावता व्हिनेगर मानेवर ओतत राहिली, अख्खी बाटली संपेपर्यंत. थोरली आधी तडफडली, मग कण्हली, मग नुसतीच धापा टाकत जाळ्याला टेकून बसली. आग विझली नव्हती, पण वाढायची थांबली होती. जाळ्यांपलीकडे मालक विचारत होते, डॉक्टरला बोलवायचं का.

थोरलीनं ओल्या जांभळ्या कापडाकडे बघितलं. मग रिकाम्या बाटलीकडे. मग जावेच्या मोज्यांकडे, जे पिशवीतून अर्धे बाहेर आले होते. ती अडाणी होती, खुळी नव्हती.

“गळपट्टीत आहे,” ती हळूच म्हणाली, “हे तुला कसं कळलं?”

धाकटीनं मोजे पिशवीत कोंबले.

“बोल की. आता कुठे गेली वाचा?”

“माझ्यावर तेव्हा गोडं पाणी का ओतलंत?”

“मग काय ओतू? माझी आई सगळ्यांवर तेच ओतायची!”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, त्यानंच वाढलं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक होतं.”

“ठाऊक असतं तर आत्ता स्वतःच्या डोक्यावर ओतलं असतं का गं मूर्खे?” थोरलीचा आवाज फाटला. “आणि एवढी वर्षं सांगितलं नाहीस? एका चुलीवर जेवलीस ना माझ्या?”

“तुम्ही वाघीण म्हणालात. सगळ्यांसमोर. माझं नवंकोरं लग्न होतं.”

 थोरली मान फिरवायला गेली आणि कळवळली. “म्हणाले,” ती शेवटी म्हणाली. “तोंडात आलं, म्हणाले. ते माझंच.”

माफी म्हणावी इतकं काही ते नव्हतं. पण तेवढ्यावर थोरली थांबली. स्वतःचा पदर तिनं ओढून घेतला, दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटला आणि उठली.

“बाहेर काय सांगणार?” धाकटीनं विचारलं.

“मी मुकादमीण आहे आता. काय सांगायचं ते मी बघीन.”

बाहेर जाऊन तिनं माईक उचलला. धूळ उडाली, अंगावर आली, आमच्या धाकटीनं वाचवलं, असं सांगितलं. उद्यापासून खांबाला व्हिनेगरची बाटली टांगायची आणि गोड्या पाण्याची बादली फक्त प्यायला, असा पहिला हुकूम सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ‘आमची धाकटी’ म्हणाली ती. वाघीण नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. थोरलीच्या मानेवर उजवीकडे फिकट चट्टा राहिला आहे. ती तो झाकत नाही. समुद्र मला ओळखतो, हे मात्र म्हणायची बंद झाली. घरात ती पूर्वीसारखीच बोलते, पूर्वीसारखंच वाढते. झाल्या गोष्टीचा एका शब्दानं उच्चार नाही, ना नवऱ्याजवळ, ना सासूबाईंजवळ. फक्त एक नवं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं आहे. दोरीवरचे वाळलेले कपडे तीच काढते, घड्या घालते, आणि धाकटीच्या खोलीत नेऊन ठेवते.

“कपडे ठेवलेत गं घडी करून,” दारातून गोड आवाजात सांगते. “तुझा ब्लाउज सगळ्यांत वर आहे हं.”

धाकटी तो ब्लाउज उचलते. खिडकीशी जाते, वाऱ्याकडे पाठ करते, झटकते. शिवणी चाचपते. गळ्याचं अस्तर उजेडात धरते. काही नसतं. साबणाचा वास असतो. रोज काही नसतं. घालते, आणि घाम आला की तिचा हात आपोआप मानेकडे जातो, तेव्हा शेडच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसलेली मुकादमीण तिच्याकडेच बघत असते, शांतपणे, जाळं विणायची सुई दातात धरून.

सकाळी देवापुढे धाकटी आता न्याय मागत नाही. हात जोडते आणि एवढंच म्हणते, देवा, तिला सांग, काय टाकायचं ते एकदा टाकून मोकळी हो.